‘येईल’ की ‘लागेल’? – विधान परिषदेतला एक दिवस

बालमित्रांनो, आधी एक छोटंसं कोडं. ही दोन वाक्यं वाचा.

पहिलं वाक्य : शाळेजवळच्या उघड्या विहिरीला कठडा बांधता येईल.

दुसरं वाक्य : शाळेजवळच्या उघड्या विहिरीला कठडा बांधावाच लागेल.

काय फरक आहे सांगा बरं? “बाई, दोन्हींत कठडाच आहे की!” असं कुणी म्हणेल. पण घाई करू नका. पहिल्या वाक्यातली विहीर दहा वर्षं तशीच उघडी राहिली, तरी कुणाला जाब विचारता येत नाही. दुसऱ्या वाक्यात मात्र विचारता येतो. ‘येईल’ आणि ‘लागेल’ या दोन शब्दांमध्ये एक अख्खी विहीर आहे!

असे शब्द निवडायचं काम जिथे चालतं, तिथे आज मी तुम्हांला घेऊन जाणार आहे. त्या जागेचं नाव महाराष्ट्र विधान परिषद. भूगोलाच्या तासाला आपण किल्ले, धरणं, लेणी बघतो. आज कायदे बनवण्याचा कारखाना बघू या.

अंबाजोगाईहून नागपूरला

आमची अंबाजोगाई बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरावर वसलेली आहे. योगेश्वरी देवीचं गाव, आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीचं गाव. कापडाच्या लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिणारे दासोपंत इथलेच. हत्तीखान्याची लेणीही इथेच. इथून विधान परिषद बघायची तर दोन वाटा आहेत. एक मुंबईची, कारण विधानभवन मुंबईत नरिमन पॉइंटला आहे. दुसरी नागपूरची, कारण हिवाळ्यात सगळं विधिमंडळ नागपूरला जातं. मी निवडली दुसरी. डिसेंबरची थंडी, अंगात स्वेटर, डब्यात धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी!

अंबाजोगाईहून परळी. परळीला वैजनाथाचं देऊळ आणि औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी. पुढे गंगाखेड, मग नांदेड. नांदेडला गोदावरी ओलांडायची. त्यापुढे पैनगंगा लागते. ही नदी ओलांडली की मराठवाडा मागे राहतो आणि विदर्भ सुरू होतो. खिडकीतून पाहाल तर दोन्हीकडे कापसाची शेतं. कुठे वेचणी चाललेली, कुठे गाडीत कापूस भरलेला. यवतमाळ, मग वर्धा. वर्ध्याजवळ सेवाग्राम आहे, गांधीजींचा आश्रम. आणि शेवटी संत्र्यांचं नागपूर.

आता तुम्ही विचाराल, राजधानी मुंबई असताना अधिवेशन नागपूरला का? त्याचीही एक गोष्ट आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. मुंबईचा भाग मुंबई राज्यात, विदर्भ मध्य प्रदेशात आणि आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात. मराठी माणसं तीन घरांत विभागलेली! सगळ्यांनी एका घरात यायचं तर कुणालाही आपण कोपऱ्यात पडलो असं वाटता कामा नये. म्हणून १९५३ साली नेत्यांनी ‘नागपूर करार’ केला. वर्षातून निदान एक अधिवेशन नागपूरला भरवायचं, ही त्यातली एक गोष्ट. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि ते वचन पाळायला सुरुवात झाली.

फर्मान आणि कायदा

विधानभवनात शिरण्याआधी आपल्या पणजोबांची आठवण काढू. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. आमच्या अंबाजोगाईचं नाव तेव्हा मोमिनाबाद. राज्याचा कारभार उर्दूत चालायचा. नियम कसा व्हायचा? फर्मान निघायचं! एका माणसाची सही झाली की लाखो माणसांनी मान खाली घालून ऐकायचं. ‘का?’ असं विचारायची सोय नव्हती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुलांना शिकवलं होतं. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आलं. म्हणून आपण दरवर्षी त्या दिवशी शाळेत झेंडावंदन करतो.

फर्मान आणि कायदा यांतला फरक लक्षात ठेवा. फर्मान बंद खोलीत निघतं. कायदा मात्र मोठ्याने, सगळ्यांसमोर, प्रश्न विचारून, वाद घालून करावा लागतो. आणि आपल्याकडे तो मराठीतून होतो. मुकुंदराजांनी ज्या भाषेत ‘विवेकसिंधु’ लिहिला, त्याच भाषेत मंत्री उत्तर देतात. हे ऐकताना माझ्यासारख्या अंबाजोगाईच्या बाईंची कॉलर थोडी ताठ होते, बरं का!

दोन घरं कशाला?

विधिमंडळाची सभागृहं दोन. एक विधानसभा. तिथे २८८ आमदार असतात, आणि त्यांना तुमचे आईबाबा थेट मत देऊन निवडतात. आमचं अंबाजोगाई शहर केज मतदारसंघात येतं. दुसरं सभागृह विधान परिषद. तिथे ७८ जागा आहेत. तिला वरिष्ठ सभागृह म्हणतात.

या ७८ जागा कशा भरतात ते बघा, मजेशीर हिशेब आहे. ३० सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात. २२ सदस्य नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा परिषदा अशा संस्थांतले लोकप्रतिनिधी निवडतात. आमच्या अंबाजोगाईच्या नगरसेवकांचं मत लातूर, धाराशिव आणि बीड मिळून असलेल्या मतदारसंघात जातं. ७ सदस्य पदवीधर निवडतात. ७ सदस्य शिक्षक निवडतात. आणि १२ सदस्यांची नेमणूक राज्यपाल करतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतली जाणकार माणसं त्यांत यावीत, अशी अपेक्षा असते. करून बघा बेरीज! आली का ७८?

‘शिक्षक निवडतात’ म्हटल्यावर माझ्या वर्गातली मुलं ओरडली, “मग बाई, तुम्हीपण मत देता!” नाही रे बाबांनो. राज्यघटनेत लिहिलंय की या मतदारसंघात माध्यमिक शाळेत किंवा त्याहून वरच्या वर्गांना शिकवणाऱ्यांनाच मत. मी तिसरीला शिकवते, मी डी.एड. झालेली. तेव्हा मला तिथे मत नाही. बघा, कायद्यातल्या एका शब्दाने, ‘माध्यमिक’ या शब्दाने, राज्यातले लाखभराहून जास्त प्राथमिक शिक्षक बाहेर राहिले! शब्द जपून वापरायचे ते यासाठी.

राज्यपालांनी नेमलेल्यांत कोणकोण होते माहीत आहे? गीतरामायण लिहिणारे ग. दि. माडगूळकर होते. आपल्या मराठवाड्याचे कवी ना. धों. महानोरही होते. महानोर पळसखेडचे, स्वतः शेती करणारे. कविता लिहिणाऱ्या हाताने पाण्याचं आणि शेतीचं गाऱ्हाणं सभागृहात मांडलं.

विधान परिषदेची आणखी एक खासियत आहे. विधानसभा पाच वर्षांनी संपते, परिषद कधीच संपत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षं आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. म्हणजे आपल्या शाळेसारखंच! सातवीची मुलं निरोप घेऊन जातात, पहिलीची येतात, पण शाळा चालूच राहते. सदस्य होण्यासाठी वयाची तीस वर्षं पूर्ण असावी लागतात. विधानसभेला पंचवीस पुरतात.

भारतात असं दुसरं सभागृह फक्त सहा राज्यांत आहे : महाराष्ट्र, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा. अमेरिकेत उलटं आहे. तिथल्या ५० राज्यांपैकी ४९ राज्यांत दोन सभागृहं आहेत. त्यांतल्या वरच्या सभागृहाला सेनेट म्हणतात. नेब्रास्का नावाच्या एकाच राज्यात एकच सभागृह आहे. आणि तिथल्या सेनेटच्या सदस्यांना लोक थेट निवडून देतात.

“एक सभागृह असताना दुसऱ्यावर खर्च कशाला?” असं म्हणणारी माणसंही आहेत. तमिळनाडूने १९८६ साली आपली परिषद बंद करून टाकली. प्रश्न वाजवी आहे. त्याचं उत्तर मी तुम्हांला आयतं देणार नाही. आधी दिवसभराचं काम बघू, मग तुम्हीच ठरवा.

घंटा वाजली!

विधानभवनात जायला पास लागतो. दारावर तपासणी होते, मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. मग आपण वर प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसतो. इथे टाळ्या वाजवायच्या नाहीत, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. गॅलरीतली शिस्त आमच्या परिपाठापेक्षा कडक!

खाली बघा. अर्धगोलात बाकं मांडलेली. समोर उंच आसन, ते सभापतींचं. विधानसभेत त्यांना अध्यक्ष म्हणतात आणि परिषदेत सभापती. हा फरक परीक्षेत नेहमी विचारतात, लक्षात ठेवा. सभापतींच्या एका बाजूला सरकार पक्षाची माणसं, दुसऱ्या बाजूला विरोधी पक्षाची. मध्ये एका टेबलाशी प्रतिवेदक बसतात. सभागृहात उच्चारलेला शब्द न् शब्द ते लघुलिपीत टिपून घेतात. थोडा वेळ एकाने लिहायचं, मग तो उठला की दुसरा बसतो. त्यामुळे कुणी काय बोललं हे पन्नास वर्षांनीही वाचता येतं. “मी असं म्हणालोच नव्हतो” ही थाप इथे चालत नाही!

सुरुवातीला घंटा वाजते. सभापती येतात, सगळे उभे राहतात. काम चालायला निदान दहा सदस्य हजर हवेत. याला गणपूर्ती म्हणतात. तेवढे नसतील तर सदस्य यावेत म्हणून पुन्हा घंटा वाजवतात.

पहिल्यांदा प्रश्नोत्तराचा तास. सदस्यांनी आधीच लेखी प्रश्न दिलेले असतात. ज्या प्रश्नाचं उत्तर तोंडी हवं, त्याच्यावर तारा काढलेला असतो, म्हणून तो ‘तारांकित प्रश्न’. मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि मग उपप्रश्नांचा भडिमार सुरू होतो. “हे काम किती दिवसांत पूर्ण करणार? तारीख सांगा!” मंत्री म्हणतात, “लवकरात लवकर.” लगेच समोरून आवाज येतो, “लवकर म्हणजे कधी?” गॅलरीत मला हसू आवरेना. वर्गात गृहपाठ न आणणाऱ्याला मी हाच प्रश्न विचारते की!

त्यानंतर लक्षवेधी सूचना. एखादी तातडीची गोष्ट असेल, तर तिच्याकडे मंत्र्यांचं लक्ष वेधायचं. कधी गोंधळ होतो. सदस्य जागा सोडून सभापतींसमोरच्या मोकळ्या जागेत येतात, घोषणा देतात. सभापती म्हणतात, “सभागृहाचं कामकाज दहा मिनिटांसाठी तहकूब.” तुमच्या वर्गात मॉनिटरचं कुणी ऐकत नाही, तसाच हा प्रकार. गोंधळ मला आवडला नाही, खरं सांगते. पण एक गोष्टही ध्यानात आली. फर्मानाच्या काळात असा गोंधळ कधीच झाला नसता, कारण बोलायलाच परवानगी नव्हती.

बाहेरही गोंधळ असतोच. अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरच्या यशवंत स्टेडियमजवळ राज्यभरातून मोर्चे येतात. शेतकरी येतात, अंगणवाडीच्या ताई येतात, शिक्षक येतात. बाहेरची मागणी, आतला प्रश्न आणि शेवटी कायद्यातला शब्द, अशी ही वाट आहे. ती लांब असते आणि मध्येच कुठेतरी हरवतेही.

विहिरीचं विधेयक

आता मुख्य काम बघू, कायदा करण्याचं. कायदा होण्याआधी त्याच्या मसुद्याला विधेयक म्हणतात. समजा, आपल्या कोड्यातल्या विहिरीसाठी कुणी विधेयक आणलं. खरं नाही हं, समजण्यापुरतं!

विधेयकाची तीन वाचनं होतात. पहिल्या वाचनात ते सभागृहासमोर मांडायचं. म्हणजे ‘असं असं विधेयक आलंय’ हे सगळ्यांना कळतं, प्रती वाटल्या जातात. दुसऱ्या वाचनात खरी झटापट. आधी एकूण कल्पनेवर चर्चा, मग एकेका कलमावर. याला खंडशः विचार म्हणतात. एक सदस्य विचारतील, “विहीर म्हणजे काय? पडीक विहीर धरायची का? बोअरचा उघडा खड्डा धरायचा का?” दुसरे म्हणतील, “शाळेजवळ म्हणजे किती अंतरावर?” तिसरे म्हणतील, “कठड्याचा खर्च गरीब शेतकऱ्याने कुठून करायचा?” आणि कुणीतरी नजरेचं तयार असेल, ते उठून म्हणेल, “सभापती महोदय, इथे ‘बांधता येईल’ असं लिहिलंय. ते काढून ‘बांधावा लागेल’ असं घाला.” याला दुरुस्ती म्हणतात. तिसऱ्या वाचनात अख्खं विधेयक मंजूर करायचं की नाही, एवढंच ठरतं.

मत घेताना सभापती विचारतात, बाजूने असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं, विरोधात असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावं. आवाजावरून बहुमताचा अंदाज घेतात. कुणाला तो पटला नाही, तर डोकी मोजतात. सभापती एरवी मत देत नाहीत. दोन्हीकडे अगदी सारखी मतं पडली, तरच त्यांचं एक निर्णायक मत.

एका सभागृहात मंजूर झालं की विधेयक दुसऱ्या सभागृहात जातं आणि तिथे पुन्हा सगळं वाचन. आता ऐका, परिषदेची ताकद किती ते. विधानसभेने मंजूर केलेलं साधं विधेयक परिषदेला तीन महिने अडवता येतं. सभेने ते पुन्हा मंजूर करून पाठवलं, तर आणखी एक महिना. पैशाचं विधेयक असेल तर फक्त चौदा दिवस. म्हणजे परिषद कायदा कायमचा थांबवू शकत नाही. ती एवढंच म्हणू शकते, “थांबा, पुन्हा एकदा वाचा.”

तुम्ही पेपर लिहून झाल्यावर मी काय सांगते? “वही देण्याआधी एकदा वाचून बघ.” परिषदेचं काम तेच. कधी ती नीट वाचते, कधी घाईत विधेयक न वाचल्यासारखं पुढे सरकतं. वाचली नाही तर तिचा उपयोग नाही, हे तिच्या बाजूने बोलणारेही मान्य करतील.

दोन्ही सभागृहांनंतर विधेयक राज्यपालांकडे जातं. त्यांची संमती मिळाली आणि राजपत्रात छापलं गेलं, की त्याचा कायदा होतो.

सभापतींच्या डोक्यातली कल्पना

विहिरीची गोष्ट समजण्यापुरती होती. आता एक खरीखुरी गोष्ट सांगते. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना हाक मारा आणि त्यांच्याजवळ बसून वाचा.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, सोलापूर, नगर अशा जिल्ह्यांत विहिरी आटल्या, जनावरं बाजारात कवडीमोलाने गेली. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी लोकांनी खाल्ल्या. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जायची. आजीला नुसतं ‘सुकडी’ म्हणून बघा, ती सगळं सांगायला लागेल! माणसांना काम हवं होतं. मे १९७३ मध्ये तर जवळपास पन्नास लाख माणसं खडी फोडत होती, रस्ते आणि पाझर तलाव खोदत होती.

त्या वेळी विधान परिषदेच्या सभापतींच्या आसनावर वि. स. पागे नावाचे गृहस्थ बसत. सांगली जिल्ह्यातले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले, संतवाङ्मयाचा अभ्यास असलेले. १९६० ते १९७८ ते सभापती होते. त्यांच्या मनात कितीतरी आधीपासून एक विचार घोळत होता. खेड्यातल्या माणसाला भीक नको, धान्याचं फुकट वाटप नको, त्याला हाताला काम द्या. जो मागेल त्याला काम! तासगाव तालुक्यातल्या गावांत १९६०च्या दशकात हे करूनही पाहिलं गेलं. सभापतीला सभागृहात वादात भाग घेता येत नाही. पण सभागृहाबाहेर पागे यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याकडे ही कल्पना लावून धरली. १९७२ साली रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली.

आता आपल्या कोड्याकडे लक्ष द्या. योजना म्हणजे काय? सरकारने ठरवलं तर काम ‘देता येईल’. उद्या दुसरं सरकार आलं, पैसे नाहीत म्हणालं, की संपलं. म्हणून १९७७ साली विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती १९७८ मध्ये मिळाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. आता शब्द बदलला. गावातल्या सज्ञान माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं, तर पंधरा दिवसांत काम ‘द्यावंच लागेल’. दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागेल, तेव्हाच्या हिशेबाने रोज निदान एक रुपया. बाई असो की पुरुष, मजुरीचा दर एकच. कामावर पिण्याचं पाणी हवं, लहान बाळांसाठी सावली हवी. एका शब्दाने मेहेरबानीचा हक्क झाला!

आणि पैसे कुठून आणायचे? शहरातल्या माणसाने खेड्यातल्या माणसासाठी थोडा भार उचलावा, असं ठरलं. नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर १९७५ साली व्यवसाय कर बसला. जेवढा असा कर जमेल, तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. आजही माझ्या पगाराच्या कागदावर ‘व्यवसाय कर २०० रुपये’ अशी ओळ असते, फेब्रुवारीत ३००. तुमचे आईबाबा नोकरी करत असतील तर त्यांच्या पगारपत्रकात बघा, ही ओळ सापडेल. बहात्तरच्या दुष्काळाची ती खूण आहे.

पुढे २००५ साली संसदेने सगळ्या देशासाठी असाच कायदा केला. एका कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस कामाची हमी. महाराष्ट्राचा अनुभव त्या कायद्याच्या पाठीशी होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी दुसरा कायदा मंजूर केला, त्यात १२५ दिवस लिहिले आहेत. म्हणजे कायदे बदलतात. बदलले की पुन्हा शब्द वाचायचे : कुणी द्यायचं, किती दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर काय.

वर्गातली रिकामी जागा

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, वा, मग प्रश्न मिटला! नाही मिटला, मुलांनो.

दिवाळीची सुट्टी संपते आणि आमच्या भागातल्या शाळांतल्या वर्गांत काही जागा रिकाम्या होतात. बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. ती फेडेपर्यंत ऊस तोडायचा. घरी सांभाळायला कुणी असेल तर मूल गावी राहतं, हंगामी वसतिगृहात जेवतं आणि शाळेत येतं. कुणी नसेल तर आईबाबांबरोबर फडावर जातं. मग धाकट्या भावाला सांभाळणं हाच त्याचा अभ्यास!

कामाची हमी देणारा कायदा असताना माणसं गाव का सोडतात? कारणं बरीच आहेत. ऊसतोडीची उचल एकरकमी हातात पडते. हमीच्या कामाची मजुरी पुष्कळदा उशिरा मिळाली. कुठे काम वेळेवर निघालं नाही, कुठे खोट्या हजेरीपटांचे घोटाळे निघाले. आणि एक कारण असं, की काम मागायचं असतं, लेखी मागायचं असतं आणि मागितल्याची पावती घ्यायची असते, हेच कितीतरी जणांना ठाऊक नव्हतं. कायदा नागपुरात किंवा मुंबईत होतो, पण तो गावच्या वेशीपर्यंत आपल्या पायांनी चालत येत नाही. त्याला कुणीतरी वाचून आणावं लागतं.

तो वाचणारा कोण? घरात सगळ्यांत चांगलं वाचता येणारा माणूस कोण असतो? कितीतरी घरांत तो तिसरी-चौथीतला किंवा सातवीतला मुलगाच असतो, मुलगीच असते! तुमचं शिक्षणही असंच कायद्यात लिहिलेलं आहे. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. फडावर गेलेल्या मुलालासुद्धा. तिथेही शब्द ‘येईल’ नाही, ‘लागेल’ असाच आहे. म्हणून रिकामी जागा दिसली की आम्ही शिक्षकांनी विचारायचं असतं, ते मूल कुठे आहे, आणि तिथे त्याला शाळा आहे का?

आता तुमची पाळी

तर दोस्तांनो, या आठवड्यात तीन कामं करा.

एक. आजी-आजोबांना बहात्तरच्या दुष्काळाविषयी विचारा. त्यांनी कुठल्या कामावर खडी फोडली, कुठला तलाव खोदला, ते वहीत लिहा. जमलं तर तो तलाव बघून या. आता त्यात पाणी आहे की गाळ, तेही लिहा.

दोन. वर्गात छोटी विधान परिषद भरवा. एकाने सभापती व्हायचं. कुणीतरी विधेयक मांडा, मधल्या सुट्टीत मैदान कुणाला मिळावं यावर का होईना! तीन वाचनं करा. एकाने प्रतिवेदक होऊन सगळं लिहून काढा. गोंधळ झाला तर दहा मिनिटं तहकूब!

तीन. गावात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, शाळेच्या भिंतीवर किंवा दवाखान्यात जे नियम लिहिलेले असतात, ते थांबून वाचा. प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द बघा. ‘येईल’ असेल तर मोठ्यांना विचारा, “हे कधी येणार?” आणि ‘लागेल’ असेल तर विचारा, “हे झालं का?”